डाव्या बाजूची चेन

जोडसायकलची पुढची आणि मागची पायडलं जोडणारी डावीकडची चेन वरच्या अंगाला बोटभर झोळ घेऊन चालली होती. खालचा पदर मात्र तारेसारखा ताठ. मागच्या सीटवरून मान जरा कलती केली की गेरलिंडेला ते स्वच्छ दिसे. पुढचा जोर लावत असेल तर वरचा पदर ताणलेला राहतो. तो सैल पडला की समजायचं, पुढच्याचे पाय नुसते फिरताहेत आणि मागचा त्यालाही ओढतोय.

लिंत्झ शहर सोडल्यापासून चार दिवस ती हे पाहत होती आणि आणखी जोर लावत होती. पुढे बसलेल्या नवऱ्याला, एंगेलबर्टला, कळू नये म्हणून.

अकरा वर्षांपूर्वी दोघं डॅन्यूब नदीच्या उगमापासून या जोडसायकलवर निघाले होते. दर उन्हाळ्यात दहा दिवस. जिथे थांबायचं, पुढच्या वर्षी नेमकं तिथूनच निघायचं, ते थेट काळ्या समुद्रापर्यंत. हँडल, ब्रेक, गिअर सगळं एंगेलबर्टकडे. मागच्याने पायडल मारायचं आणि पुढच्यावर भरवसा ठेवायचा.

एप्रिलमध्ये डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, "हृदय थकलंय. सपाटीवर, हळूहळू चालवा. धाप लागली की घरी परत." पण धाप लागण्याइतकं काम गेरलिंडे त्याच्या वाट्याला येऊच देत नव्हती. त्याच्या घोट्यावरचा मोज्याचा वळ आता सकाळपर्यंत तसाच राहत होता. सांगायला हवं, असं ती रोज न्याहारीला ठरवी, आणि तो नकाशा उघडला की गप्प बसे.

श्पित्झ गावच्या तरीवर नावाड्याने हाक दिली, "काय आजोबा, आजी मागे फुकटात बसल्यात वाटतं!"

ही थट्टा गावोगाव ठरलेली. एंगेलबर्टचं उत्तरही ठरलेलं. "अरे, तिला वजनाला घेतलीय," तो म्हणाला, मध्येच श्वासासाठी थांबला, "सायकल वाऱ्याने उडू नये म्हणून."

नावाडी हसता हसता थांबला.

पलीकडे जर्दाळूच्या बागांमधून रस्ता जात होता.

"समोरून वारा आहे गं आज," एंगेलबर्ट म्हणाला.

झाडांचं एकही पान हलत नव्हतं.

गावाबाहेर रस्ता पुराच्या बांधावर चढत होता. चढ असून असून दोन पुरुष उंचीचा. तिथे गेरलिंडेने पायांतला जोर काढून घेतला. दोन फेऱ्या, तिसरी अर्धी, आणि सायकल थांबली. एंगेलबर्टने कसाबसा पाय टेकला. तो हँडलवर वाकला. ओठ जांभळट झाले होते.

"चेन अडकली का गं?" दम परत आल्यावर त्याने विचारलं.

"नाही. मी पाय सैल सोडले."

तो मागे वळला नाही. "कधीपासून ओढतेयस मला?"

"लिंत्झपासून."

"आणि मी समजत होतो, यंदा तब्येत सुधारली. म्हटलं, ती डॉक्टरीणच घाबरट." तो हसायला गेला, पण खोकला आला. "बोलायचं तरी होतंस, गेर्ली."

"तू इतका खुशीत होतास."

एक मालवाहू बोट प्रवाहाविरुद्ध हळूहळू वर निघून गेली. मग एंगेलबर्ट सायकलवरून उतरला. हँडल धरून त्याने ते तिच्याकडे वळवलं.

"तू बस पुढे. मी मागे बसतो. पाय नुसते ठेवीन, जोर लावणार नाही. तू नेशील तिकडे."

इतक्या वर्षांत त्याने ते हँडल कुणाच्या हाती दिलं नव्हतं. हो म्हणणं किती सोपं होतं. तिचे हात अर्ध्यापर्यंत गेलेही. मग तिची नजर त्याच्या घोट्यांवर गेली. सकाळी सैल बांधलेल्या बुटांच्या नाड्या आता सुजेत रुतल्या होत्या.

"नाही, बर्ट," ती म्हणाली. "आज पुढच्या गावाहून, क्रेम्सहून, रेल्वेने घरी जायचं. आणि पुढच्या वर्षी यायचं नाही. समुद्रापर्यंत आपण जाणार नाही आहोत."