सोमवारी रिकामा आलेला डबा

मी स्टीलचा डबा बोलतोय. दोन खण, दोन कड्या, झाकणावर विलासचं नाव. विलास फिटर होता. एकतीस वर्षं त्याच्या सायकलला लटकून मी दापोडीहून कंपनीत गेलो. डब्याचं काम एकच. भरून जायचं, रिकामं यायचं.

तो निवृत्त झाला आणि मी माळ्यावर गेलो. त्या दिवसांबद्दल मी बोलत नाही. मग सून भाग्यश्री चाकणला एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर लागली. मला खाली काढलं.

भाग्यश्रीला आमवात आहे. पहाटे बोटं वळत नसत. माझ्या कड्या घरी सासू सोजरबाई लावायची, कंपनीत शेजारची मिनल उघडायची. बोटं गेली तर लाइन गेली, हे तिला कळत होतं. डॉक्टरांनी एक गोळी दिली, आठवड्यातून एकदाच घ्यायची. चिठ्ठीवर वार लिहिला, रविवार. त्यांना वाटलं, सुट्टी. तिच्या कंपनीला सुट्टी गुरुवारची. तिने ते डॉक्टरांना सांगितलं नाही.

गोळीने बोटं सैल पडू लागली. पण सोमवारी पहिल्या शिफ्टला मळमळ, तोंडात फोड. सोमवारी मी भरलेलाच परत यायचो. मला त्याची लाज वाटायची.

मग एका सोमवारी मी रिकामा आलो. पुढच्या सोमवारीही. मी खूश होतो. डब्याला तेवढीच अक्कल.

तिसऱ्या सोमवारी मला घासताना विलास थांबला.

"सोमवारी तू जेवत नाहीस. आज चाटूनपुसून खाल्लंस. गोळी घेतलीस का?"

"नाही मामा. तीन आठवडे झाले."

"का?"

"लाइनवर उमासे येतात. बाया विचारतात, पेढे कधी देतेस."

"मशीन आवाज करतं म्हणून तू मेन स्विच पाडतेस?"

"मेंटेनन्सला बोलावते."

"मग चल दवाखान्यात."

"सुनेला मशीन म्हणता?" सोजरबाई आतून म्हणाली. "जन्मभर मशीनशीच बोललात तुम्ही."

डॉक्टर आधी रागावले. मग तिने सुट्टी गुरुवारची असल्याचं सांगितलं, तसा वार बदलला. बुधवारी रात्री, जेवण झाल्यावर. त्रास झालाच तर गुरुवारी, घरी. सोबतची फोलिकची गोळी सांगितलेल्या दिवशी, रक्ततपासणी वेळेवर. फोड आहेत तोवर तिखट बंद. थोडं थोडं खा, पाणी पी, रोज चाल.

तेव्हापासून डबा विलास भरतो. एका खणात मुगाची खिचडी, दुसऱ्यात दहीभात. ठेचा त्याने स्वतःच्या ताटातूनही काढला, कुणाला न सांगता. संध्याकाळी तो सुनेबरोबर स्टेशनपर्यंत चालतो.

चार महिने गेले. परवा सोमवारी मिनलने सवयीने हात पुढे केला.

"थांब," भाग्यश्री म्हणाली. तिने अंगठा कडीखाली घातला. एक सुटली. दुसरीला वेळ लागला. मी माझ्याकडून घट्ट धरलं नाही.

"आता माझा पण तूच उघडत जा," मिनल म्हणाली.

आजार गेलेला नाही. थंडीत बोटं आखडतात. माझ्या अंगावरही पोचे आहेत, काम चालू आहे. माझं मागणं एवढंच. गोळी झेपत नसेल तर मुकाट्याने बंद करू नका. ज्याने दिली त्याला तुमची शिफ्ट सांगा, तुमचा डबा सांगा.

त्या सोमवारी मी रिकामा घरी आलो. विलासने झाकण काढलं, आत पाहिलं, मग सुनेकडे.

"घेतलीस?"

"बुधवारीच, मामा."

त्याने नळ सोडला. मला घासायला घेतलं.