साडेपाच मीटर

रारोटोंगा बेटावर तिवाएवाए, म्हणजे फुलापानांची मोठी गोधडी, बेतावी ती तेपाएरूनंच. पण हल्ली बायकांच्या तोंडी एकच नाव, तुआइने. "काय हात आहे पोरीचा! कापडाच्या आठ घड्या घालून एका दमात फुलं कापते!" ऐकून तेपाएरूच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

एके दिवशी तुआइनेच दारात उभी. "ताई, मोठ्या पलंगाची शिवायचीय. खालच्या कापडाला किती मीटर आणू? तुमच्यासारखा अंदाज नाही मला."

साडेपाच लागणार होतं, पावणेतीनचे दोन पट्टे जोडून. तेपाएरू गोड हसली. "पाच आण गं. भरपूर झालं."

आखूड होऊ दे मेली, सगळ्यांना दिसू दे हिची अक्कल!

वर्षभरानं तेपाएरूची साठी झाली. बायका गात गात घरात शिरल्या आणि तिच्याच पलंगावर त्यांनी गोधडी पसरली. लालभडक जास्वंदी अशा फुलल्या होत्या की म्हाताऱ्या वाकून पाकळ्या चाचपू लागल्या. पायथ्याशी मात्र वीतभर गादी उघडी.

"आखूड झाली की!" एक म्हातारी म्हणाली.

"छे! माप ताईंनीच सांगितलंय, ते चुकेल कसं?" तुआइने म्हणाली. "पलंगच लांब असेल. ताई, तुमच्यासाठीच शिवत होते, म्हणून तर तुम्हालाच विचारलं."

अशी भेट नाकारता येत नाही, विकता तर मुळीच येत नाही. माणूस गेलं की त्याच गोधडीत गुंडाळून त्याला मूठमाती देतात.

तेपाएरू आपल्या लांब पायांकडे बघत राहिली.