शुक्रवारचा रविवार

पिठाच्या डब्यावर ठेवलेला मोबाईल खडखडला. लाइट गेल्यामुळे गल्लीतले माग थांबले होते, त्या शांततेत तो आवाज केवढा तरी मोठा वाटला.

नवऱ्याचा, इंद्रजीतचा व्हिडिओ कॉल. मागे कुवेतच्या चर्चचं आवार आणि मल्याळी, गोव्याची, फिलिपिन्सची माणसं.

"लई गर्दी! आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रंगत," तो हसला. त्या देशात आठवड्याची सुट्टी शुक्रवारी, म्हणून चर्चमधली रविवारची उपासना, मिस्साही शुक्रवारीच.

"रजेचं काय झालं?"

त्याचं हसू गेलं.

परवा, रविवारी, आमच्या लेकीचा, स्टेलाचा पहिला ख्रिस्तप्रसाद; चर्चमध्ये मुलांना पहिल्यांदा प्रसादाची भाकर देतात तो विधी. रजा मिळाली तर तो निदान फोनवर तरी बघणार होता. कामावर गेला की फोन गेटवरच जमा.

"फोरमनला म्हटलं, लेकीचं चर्चमधी मोठं काम हाय, रविवारी सोडा. तो म्हणतोय, तुमचं चर्च तर शुक्रवारी असतंय. तवा सुट्टी हायच की! खोटं बोलतोस व्हय?"

"मग सांगायचं ना, सोलापुरात रविवारी असतंय म्हणून!"

"सांगितलं की. हसला नुसता."

गेल्या आठवड्यात मी आमच्या फादरांकडे उलटंच मागणं घेऊन गेले होते: स्टेलाचा विधी शुक्रवारी करा. ते म्हणाले, "बाई, तिकडे चार मुस्लिम देश मिळून एकाच बिशपांचं मिशनक्षेत्र. लोकांना रविवारी सुट्टी नसते, म्हणून तिथे शुक्रवार चालतो. इथे सगळ्या मुलांचा विधी एकत्र. एकीसाठी कसा बदलू?"

फोरमन आणि फादर, दोघंही आपापल्या जागी बरोबर. मग भांडायचं तरी कुणाशी?

"ठेवू नका फोन," मी म्हणाले आणि शेजारी धावले. शांतम्मामावशी पायमशीनवर स्टेलाचा पांढरा झगा शिवत होत्या. मी तो ओढूनच घेतला.

"अगं, टीप कच्ची हाय! रविवारपतुर मळवंल की पोरगी."

"मळू दे, मावशी."

झगा घालून, हात जोडून स्टेला डब्यासमोर उभी राहिली. पडद्यावर एकदम नुसता चौकड्याचा रुमाल दिसला. इंद्रजीत मोबाईलची काच पुसत होता. मग तिकडे घंटा वाजली.

"मिस्सा लागली," तो कसाबसा म्हणाला, आणि पडदा काळा झाला.

मी झग्याचे बंद सोडू लागले. स्टेलानं मान वळवली.

"आई, देव शुक्रवारी पप्पांकडं जातो, रविवारी परत हितं येतो. मग येताना पप्पांना का नाही आणत?"