माळवदावरची माती

कार्तिकातली कोवळी, केशरकांत सकाळ. काळ्याभोर रानात शाळूची हरितकोमल पाती वाऱ्यावर लवताहेत, ओढ्याचं पाणी उन्हात लुकलुकतं आहे. एवढं देखणं रान, आणि त्याच्याच पोटात गेल्या साली तो हादरा होता. कसा विश्वास ठेवावा या भूमीवर? पण माणसानं दुसरीकडं जायचं तरी कुठं? तो पुन्हा इथंच घर बांधतो.

बांधत होता शिदाप्पा गवंडी. घर लेकीचं, महानंदाचं. तिचं जुनं घरही त्याच्याच हातचं होतं. दोन हात रुंद, गजगंभीर, दगडी भिंत; वर माळवद, मातीचं सपाट छप्पर. गाव थांबून बघायचं. भूकंपात ती भिंत महानंदाच्या सहा महिन्यांच्या तान्हुल्यावर कोसळली.

तेव्हापासून ती बापाशी अवाक्षर बोलली नव्हती. भाकरी आणून ठेवायची आणि पाठ फिरवायची. लेकीचा राग आहे, आणि तो रास्तच आहे, असं धरून म्हातारा मुकाट्यानं दगडावर दगड ठेवत होता. तिच्या तोंडून एकदा ‘आप्पा’ ऐकावं, एवढीच त्याची आस होती.

आज भिंतींना चहूबाजूंनी कवेत घेणारा सिमेंट-सळईचा पट्टा तो शिडीवरून ओतत होता. महानंदा भाकरी ठेवून वळली, आणि त्याला राहवलं नाही.

“ऐक, माय. जमीन सरकली, तसा पाया तिच्यासंगं सरकला. माथ्यावरचं ओझं मात्र जागीच राहायला बघतं. मधल्यामध्ये भिंत फाटते. जेवढं ओझं, तेवढी ओढ. दरसाल पावसाच्या आधी माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर मीच द्यायचो; जुना कधी काढला नाही. भिंतीचे आतले-बाहेरले पदर बांधणारा आरपार दगडही घातला नाही. तुझं लेकरू मी मारलं.”

महानंदा थांबली. ऊन स्तब्ध, रान स्तब्ध, वाराही क्षणभर स्तब्ध.

“आप्पा,” ती म्हणाली, “त्या साली तुम्ही नको म्हणाला होता. बास झाली माती, म्हणाला होता. पाळण्यावर ठिबकतंय म्हणून मीच हट्ट धरला. तुमच्याकडं बघायचं कुठल्या तोंडानं?”

आणि ती रडली. वर्षभरात पहिल्यांदा रडली.

म्हातारा शिडी उतरला, लेकीला पोटाशी धरून तिथंच मातीत बसला. घमेल्यातला सिमेंटचा ओला माल हळूहळू आवळला, करडा झाला, कठीण झाला. उभ्या आयुष्यात त्यानं माल कधी वाळू दिला नव्हता. आज वाळू दिला.