थिनरने पुसलेला चष्मा

तिसऱ्या कपाटाच्या दारावरही रंग ओघळला, तेव्हा मेहुण्याने थिनरचा बोळा उचलला आणि ओला रंग पुसून काढायला दारासमोर उकिडवा बसला. मागे कॉम्प्रेसर धडधडत होता. भाऊजी रंगाची स्प्रे गन हातात धरून तसेच उभे होते.

"पुन्हा ओघळला?" तोंडावरचा मास्क खाली ओढून त्यांनी विचारलं.

"थोडासाच. खालच्या कोपऱ्यात."

"थोडासा म्हणजे किती ते सांग. मला दिसत नाहीये."

पंचवीस वर्षं लोखंडी कपाटं रंगवलेला माणूस. त्याच्या हातच्या दारात बघून लोकांनी भांग पाडावा असं काम. त्याच्या तोंडून हे ऐकलं आणि मेहुण्याने मान वर केली नाही. कारण हे कोणामुळे झालंय ते एकट्या त्याला ठाऊक होतं.

स्प्रेच्या कामात चष्मेवाल्याचे हाल कुत्रं खात नाही. हवेत उडालेला रंग काचेवर बसतो आणि तिथेच वाळतो. वरून गॉगल घालावा तर आत वाफ धरते. भाऊजींनी यावर स्वतःची रीत काढली होती. डबे झाकायची पातळ पारदर्शक फिल्म असते ना, तिचे दोन तुकडे ताणून काचांवर बसवायचे, कडेने मास्किंग टेपची बारीक पट्टी मारायची आणि दर दोन कपाटांनंतर फिल्म बदलायची. हे काम मेहुण्याचं. त्यात एकच नियम होता. रंग काचेपर्यंत गेलाच, तर साबणाचं पाणी लावायचं आणि नखाने हळूहळू काढायचा. थिनर लावायचं नाही.

"बायको एकदा माफ करेल, प्लॅस्टिकची काच करत नाही," असं भाऊजी म्हणायचे. ताईसमोर हे म्हणायची मात्र त्यांची छाती झाली नाही कधी.

दहा दिवसांपूर्वी फिल्म फाटली आणि दोन्ही काचांवर पांढरे ठिपके बसले. काम तुंबलं होतं, साबणाचं पाणी संपलं होतं आणि बोळा हातातच होता. मेहुण्याने पुसलं. ठिपके गेले आणि त्यांच्या जागी बारीक तड्यांचं जाळं उमटलं, आटलेल्या दुधावर साय धरावी तसं. त्याने घाईने वरून नवी फिल्म ताणली, चष्मा खुंटीला अडकवला आणि मूग गिळून बसला.

भाऊजींनी काच उजेडात धरली असती तर लगेच समजलं असतं. त्यांनी धरलीच नाही. त्यांचे वडील याच वयात आंधळे झाले होते. शेवटची नऊ वर्षं ते दारातल्या खुर्चीत बसून पावलांवरून माणसं ओळखायचे. त्यामुळे धूसर दिसायला लागल्यावर भाऊजींनी काचेला दोष दिलाच नाही. घरी ते जेवेनासे झाले. ताई दोनदा भावाला बाजूला घेऊन रडली आणि दोन्ही वेळा त्याने तिला धीर दिला. कसला धीर देत होता कोण जाणे. स्वतःचीच लाज वाटत होती त्याला.

तेवढ्यात कारखान्याचे मालक आले, दारावरून बोट फिरवलं आणि बोट बघत म्हणाले, "महिनाभर बघतोय मी. एखादं कपाट समजू शकतो. परवा दवाखान्याची माणसं त्यांची कपाटं पाहायला येणार आहेत. तोवर सुधारलं तर ठीक, नाहीतर गन दुसऱ्याच्या हातात देईन."

ते गेल्यावर मेहुण्याने कॉम्प्रेसर बंद केला.

"भाऊजी, तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. चष्मा मी थिनरने पुसला होता."

भाऊजींनी चष्मा उतरवला. मग त्यांनी फिल्म ओरबाडून काढली आणि काचेवरून अंगठा फिरवला. खरखर लागली.

"गाढवा," ते म्हणाले. उलट्या डब्यावर बसले आणि हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले. "अरे गाढवा, दहा दिवस मी मेलो होतो ना रे." लगेच ताईला फोन लावला. "अगं, तुझ्या भावाचे प्रताप ऐक. डोळे शाबूत आहेत माझे." पलीकडून ताई बोलत होती की रडत होती ते मेहुण्याला कळेना. त्या दिवशी भाऊजी घरी दोनदा वाढून घेऊन जेवले.

दुसऱ्या दिवशी मेहुणा भाऊजींचा चष्मा घेऊन चष्म्याच्या दुकानात जाऊन बसला. दुकानदार म्हणाला, त्यांना घेऊन या, एकदा डोळे तपासून घेऊ. मेहुणा म्हणाला, नंबर तोच ठेवा, डोळे ठणठणीत आहेत. दुपारी नव्या काचा घालून चष्मा मिळाला. डबी न उघडताच तो धावत कारखान्यात आला.

भाऊजींनी हात धुऊन पुसले, डबी उघडली आणि चष्मा न बघताच डोळ्यांवर चढवला. समोरच्या कपाटाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"लख्ख," ते म्हणाले. "दाराची कड न् कड दिसतेय."

मग ते मेहुण्याकडे वळले. डाव्या काचेच्या मधोमध दुकानाचा पांढरा गोल स्टिकर होता, बाटलीच्या बुचाएवढा.

मेहुण्याला वाटलं, स्टिकर दिसतच नाही असं दाखवून सूड म्हणून थट्टा चाललीय. तो थांबला. भाऊजी हसतच होते, पण ते थट्टेचं हसू नव्हतं. मालक काल "महिनाभर" म्हणाले होते. थिनर लागून तर दहा-अकराच दिवस झाले होते.

"द्या, फिल्म बसवतो," तो म्हणाला. चष्मा घेऊन त्याने पाठ केली आणि स्टिकरची कड नखाने उचलली. डिंक चरचरला.

"काय काढलंस?"

"दुकानाचा स्टिकर."

"काचेवर होता?"

"हो."

"कुठल्या?"

खोटं बोलणं अवघड नव्हतं. दहा दिवसांची सवय होती.

"डाव्या."

भाऊजींचं हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी चष्मा मागून घेतला, घातला आणि उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला. ट्यूबलाइटकडे पाहिलं, मग कपाटाकडे, मग मेहुण्याचा आवाज जिथून आला होता तिकडे. उघडा डावा डोळा कशावरच ठरत नव्हता. 

शेवटी त्यांनी तळवा काढला. गन उचलली, मेहुण्याचा हात धरला आणि त्यात ती ठेवली.

"हातभर अंतर ठेव. मनगट वळवू नकोस, अख्खा हात चालव."

"भाऊजी, ताईला काय..."

"मी सांगेन," ते म्हणाले. "तुझ्या थिनरने काही बिघडलं नव्हतं, हेही सांगेन."