लाभ, दोन, तीन

आमच्या रिठद गावाले टेनिसचा चेंडू माहीत होता, पन क्रिकेटपुरता. त्या चेंडूचा सोताचा बी एक खेळ असते, असं शाळेतले जगदेव सर सांगाले लागले तं पारावरचे बुढे फिदीफिदी हासले. "सर, इथं सोयाबीन पिकते, टेनिस नाही पिकत," असंही एकानं ऐकवलं. सर तिथून निघाले ते सरळ आमच्या घरी आले, कारन सिमेंटचं, सपाट, मोठं खळं गावात एकच, अन् ते माह्या बापाचं, रामराव आबाचं.

आता माह्या बापाचा सभाव सांगू का? खळ्यावर कोनी चपला घालून चढलं तरी ते अंगावर धावून जाचे. तिथं रास पडते, लक्ष्मी बसते म्हनून. मले वाटलं, आज सरांची काही धडगत नाही. पन सर एवढंच म्हनले, "आबा, तुमच्या हरीओमसाठी मागून राह्यलो." आबानं एकदा खळ्याकडे पाह्यलं. मंग म्हनले, "सोयाबीनची रास खळ्यावर येयाच्या आधी खाली करून द्या."

हरीओम म्हनजे माह्या भावाचा, देवमनदादाचा पोरगा. आठ वर्षांचा. मागच्या सालच्या हंगामात सोयाबीन काढताना दादा आमच्याच थ्रेशरमधी ओढल्या गेला. मशीन बंद करेपर्यंत सारं होऊन गेलं होतं. हरीओम तिथंच पोत्यावर बसून होता. त्या दिवसापासून पोरगा बोललाच नाही. अंगारे-धुपारे झाले, अकोल्याचे डॉक्टर झाले. डॉक्टर म्हनले, घशाले काही नाही झालं, धीर धरा. धीर धरा! सांगनाऱ्याचं काय जाते? जेवताना पोराच्या हातातला घास थरथर कापे. नजर सदा जमिनीत. त्याची माय, आमची रुख्मिणी वयनी, त्याच्या छातीवर हात ठेवून झोपे. नवरा गेला तो गेलाच, पन पोरगा असून नसल्यासारखा झाला, हे तिच्यानं पाहवत नव्हतं. मले बी नाही. मी सासर सोडून माहेरी शिलाई मशीन घेऊन बसलेली बाई, माह्या मशीनच्या आवाजालेबी तो दचके.

सरांनी खळ्यावर चुन्यानं रेघा आखल्या. मधात मासे धराचं जुनं जाळं बांधलं. "काहो, खळ्यावर मासे लागून राह्यले का?" असं जानारा-येनारा इचारे. रॅकेटी शाळेच्या पेटीतल्या, मोडक्या-तोडक्या. सायकल दुरुस्तीवाल्या खालिदभाईनं त्या नीट करून देल्या. त्याचीच पोरगी यूसरा हरीओमच्या वर्गात. तोंडाचा पट्टा सदा चालू. सरांनी हरीओमच्या समोर तिलेच उभं केलं.

सुरुवातीले तं पाहवेना. चेंडू याच्या बाजूनं निघून जाये अन् हा पायाकडे पाहत उभा. यूसरा सोताच पळत जाऊन चेंडू आने अन् "चल, फिरून," म्हने. मी एक दिवस सरांवर भडकली. "मुक्या लेकराचा तमाशा कायले करून राह्यले, सर?"

सर म्हनले, "ताई, या खेळात समोरच्याकडे पाहाच लागते. तिकडून आलं तं इकडून धाडा लागते. बोलनं बी तसंच असते ना? तोंडानं नाही होत तं हातानं सुरू होऊ द्या."

मी मनात म्हनलं, पालथ्या घड्यावर पानी. पन पोरानं मले खोटं पाडलं. आधी त्याची नजर उठली. चेंडू पाहता पाहता तो यूसराचं तोंड पाहाले लागला. मंग हाताचा काप कमी झाला, पान्याचा गिलास सांडेना. दमून येये, दोन भाकरी खाये अन् वयनीचा हात छातीवर पडाच्या आधी झोपून जाये. एक दिवस गुडघा फुटला तं सोताहून मायजवळ आला अन् पाय पुढे केला. वयनी हळद लावत होती अन् रडत होती. म्हने, "राखीताई, यानं मले दुखनं दाखवलं."

खेळताना टोले मोजाचे असत. आता आमच्याकडे रास मोजताना पयल्या मापाले कोनी 'एक' म्हनत नाही, 'लाभ' म्हनतेत. लाभ, दोन, तीन. आबाचा दंडकच होता: माह्या खळ्यावर 'एक' म्हनाचं नाही, मंग तो खेळ का असेना. म्हनून यूसरा पयला टोला मारे तं "लाभ!" असं वरडे. दुसरा टोला हरीओमचा. यानं मारला का ती त्याच्याकडे पाहत थांबे. तो गप. मंग तीच "दोन" म्हने.

श्रावणातल्या एका उघडिपीत तिनं "लाभ" म्हनलं अन् तिकडून आवाज आला, "दोन."

घोगरा, जुन्या दाराच्या कडीसारखा. यूसराच्या हातून रॅकेट पडली. मी मशीन सोडून अनवानी धावली. वयनी पिठाच्या हातानंच ओट्यावर आली. सरांनी डोळ्यांनीच आमाले गप केलं अन् चेंडू पुन्हा यूसराकडे टाकला. "लाभ." "दोन." "तीन." "चार." घरात तो काही बोलत नव्हता, फक्त खळ्यावर, फक्त तिच्या मांगून. पन बोलत होता ना! आमच्यासाठी तेवढी दिवाळी झाली.

अन् तिथंच माह्या बापाचं डोकं फिरलं. म्हनतेत ना, उतावळा नवरा अन् गुडघ्याले बाशिंग.

सोयाबीन खळ्यावर आलं, मांगून थ्रेशरबी आलं. जाळं सुटलं, रेघा धुतल्या गेल्या, ते ठरलेलंच होतं. पोतं काट्यावर भरतेत आता साऱ्यांकडे, पन देवाचे पयले पाच मापं आबा अजून जुन्या पायलीनंच मोजतेत. गावातले चार लोक उभे राहतेत, अन् घरातला पोरगा 'लाभ' पुकारते. दरसाल देवमनदादा पुकारे. आबा म्हनले, "औंदा हरीओम पुकारीन. त्याच खळ्यावर बोलते ना तो? मंग?"

मी म्हनलं, "आबा, तो खेळात बोलते. अन् थ्रेशर तिथंच उभं हाय, दिसत नाही का तुमाले?"

"बंद हाय ते."

"त्याच्यासाठी नाही बंद झालं अजून!"

सर बी येऊन हात जोडून गेले. म्हनले, "आबा, तो अजून फक्त जबाब देते. सुरुवात त्याले नका कराले लावू." वयनीनं तं पाय धरले. आबाच्या डोळ्यात पानी आलं, पन हेका सुटला नाही. "माह्या पोराची जागा रिकामी ठेवू का मी? गावानं पाहू दे, देवमनचा वंश उभा हाय." दुःख खरं होतं त्यांचं, मी नाही म्हनत नाही. पन दुःख खरं असलं म्हनून मानूस शहाना होत नाही.

राशीले हळद-कुंकू वाहिलं. हरीओम रॅकेट घेऊनच आला होता. त्याले वाटलं असन, खळ्यावर बोलावलं म्हनजे खेळाचं हाय. आबानं रॅकेट हातातून काढली अन् पायली देली. "बोल बापू, लाभ."

पोरानं समोर पाह्यलं. समोर यूसरा नव्हती. समोर रास होती, अन् राशीमांगं थ्रेशर.

"बोल ना. लाभ." लोक कौतुकानं हासून राह्यले होते. "अरे बोल ना बे, रोज तं बोलतं!" म्हनत आबानं त्याची हनुवटी धरून वर केली. पायली थरथराले लागली, दाने सांडाले लागले. मंग त्याची चड्डी ओली झाली. राशीवर अपशकुन झाला म्हनून कोनी तरी पुटपुटलं. मी त्या मानसाले काय बोलली ते इथं सांगन्यासारखं नाही. वयनीनं पोराले उचललं अन् घरात नेलं. रास न मोजताच राह्यली.

आता रास जाऊन लय दिवस झाले. हरीओमचा घास पुन्हा कापते. यूसरा येते, चेंडू दाखवते, दाराशी उभी राहते अन् जाते. ती बडबडी पोट्टी बी आता गप गप असते. सर म्हनतेत, फिरून पयल्यापासून. पन पयल्यापासून सुरू होईनच, असं काही ते म्हनत नाहीत.

काल सांजच्याले मले खळ्यावरून आवाज आला. पाह्यलं तं आबानं सोताच्या हातानं चुन्याच्या रेघा आखल्या होत्या, वाकड्यातिकड्या. थ्रेशर इकून टाकलं होतं. हरीओमले एका बाजूनं उभं केलं होतं, हाती रॅकेट देऊन. दुसऱ्या बाजूनं माहा बाप उभा, धोतर खोचून, रॅकेट लाटण्यासारखी धरून. ज्यानं कोनाले खळ्यावर चपला घालून चढू देलं नाही, तो.

"लाभ," आबा म्हनले अन् चेंडू मारला.

चेंडू पोराच्या पायाजवळून गेला अन् कोपऱ्यात जाऊन थांबला. पोरगा जमिनीकडे पाहत उभा. आबा थांबले. मंग चालत गेले, कमरेवर हात ठेवून वाकले, चेंडू आनला.

"लाभ."

मी दारातच उभी राह्यली. मले बापाले काही बोलाचं होतं, लय दिवसाचं साचलं होतं. अंधार पडेपर्यंत आबा चेंडू आनत राह्यले अन् लाभ, लाभ म्हनत राह्यले. दोन कोनी म्हनलं नाही.