ओढ्याकाठचा गोग्रास

मांजरी गावातल्या विजयमालाबाईंच्या उसाच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, गोठा गेला, गायी लोणी काळभोरला धाकट्या जावेकडे पोचल्या. बाईंचा चातुर्मासाचा नेम मात्र होता तसाच राहिला. गायीला घास पोचल्याशिवाय स्वतः जेवायचं नाही. नव्या फ्लॅटमागच्या ओढ्याकाठी एका दगडावर त्या पोळी-गूळ ठेवत, पूजा आटोपून परत येत, दगड रिकामा दिसला की मगच पान वाढून घेत.

"पण आई, ते खातं कोण?" सून उत्कर्षा कंपनीच्या बसला निघता निघता म्हणाली. "गेटवर वॉचमन आहे. गाय काय लिफ्टनं येते?"

बाईंचा हात गुळावरच थांबला. खरंच की! गाय येतच नसेल, तर आषाढापासून नेम रोज मोडलाय.

त्या दिवशी पूजा आधी उरकून त्या करंजाआड बसल्या. चिखलात खुराची खूण नव्हती. होते ते बोटं फाकलेले इवलेसे ठसे, थेट पाण्यात उतरलेले.

पलीकडच्या काठाशी पाणी हललं. नाक वर धरून, मिशा थरथरवत एक तपकिरी डोकं सरळ इकडेच पोहत आलं. घूस! बाईंनी पदर तोंडाला लावला. किळस यायला हवी होती, पण नजर हटेना. घुशीनं अंग झटकलं, गूळ हुंगला, पोळीची कड दातांत धरली आणि मान ताठ करून पुन्हा पाण्यात शिरली. पलीकडच्या दरडीतल्या बिळात शेपूट दिसेनासं झालं, तशी आतून बारीक चिरचिर ऐकू आली.

"अहो, घूस नेतीया घास," त्यांनी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं.

"मग तुला काय वाटलं, नंदी येतोय?" गेनबा हसले. "जेव आता."

"न्हाई जेवायची. गाईच्या नावाचं हुतं त्ये."

त्यांनी दिवसभर उपास धरला. दुसऱ्या दिवशी दूधवाल्या सोनबाच्या हाती गोग्रास दिला. गाईनं खाल्ल्याचा त्याचा फोन आला. नेम पुरा झाला. बाई पानावर बसल्या, पण हात काही पुढं जाईना.

"आता काय राहिलं?" गेनबांनी विचारलं.

"तिची पिलं हायत वो," म्हणत त्यांनी आपल्या पानातली पोळी उचलली आणि खाली गेल्या. दगडावर ठेवून करंजाआड बसल्या. ओढा नुसताच वाहत होता. बऱ्याच वेळानं पलीकडे पाणी हललं.

मग त्या जेवायला वर गेल्या.